डाव्या हाताचं कलम

फलोत्पादनाच्या कॉलेजात आंब्याचं कलम बांधायचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. मी डाव्या हातात चाकू धरला तसे सर म्हणाले, "उजव्या हातानं काप. डाव्या हाताचं कलम जगत नाही."

मुलं हसली. माझे कान तापले. लहानपणी लिहिताना, जेवताना याच हातावर फटके खाल्ले होते. आता पुरे झालं होतं.

"नाही जगलं तर नापास करा, सर," मी म्हणाले आणि डाव्या हातानंच रोपाच्या खोडाला काप घेतला. त्यात कलमाची काडी बसवून पट्टी घट्ट आवळली.

काही आठवड्यांनी काडीला तांबूस पालवी फुटली. झाडाला साल सालीला भिडलेली हवी असते. हात कोणता, हे माणसंच विचारतात.

सर वाकून बघत राहिले. "योगायोग असेल," म्हणाले.

मी दुसरं रोप पुढे ओढलं आणि म्हणाले, "मग हेही डाव्या हातानंच बांधते, इथं उभे राहून बघा."