मामांची उसनवारी

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत अशी वस्तू सापडायची नाही, जी आमच्या मामांनी एकदा तरी कुणाकडून उसनी नेलेली नाही. नांगराच्या फाळापासून नाकात घालायच्या थेंबांपर्यंत सगळं त्यांनी मागून नेलं आहे, आणि त्यातलं काहीही स्वतःच्या पायांनी परत केलेलं नाही. हे मामा माझ्या बायकोचे, म्हणजे मला ते लग्नात तिच्याबरोबरच मिळाले. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ 'जरा येळ बघतो' म्हणून काढून घेतलं आणि ते बघत बघतच गावी निघून गेले. ते आणायला मला दौंडहून एसटीनं शिरूर आणि शिरूरहून जीपनं कवठे येमाई गाठावं लागलं. जीपमधून उतरून पाहतो तर मामा ओट्यावर बसलेले, माझंच घड्याळ डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "पाव्हणं, लई उशीर केला की वो!"

मी वस्तूंच्या बाबतीत काटेकोर माणूस आहे. माझ्या बादलीवर, शिडीवर, छत्रीच्या दांड्यावर माझं नाव रंगवलेलं असतं. दुसरा एखादा असं नाव पाहून ओशाळला असता. मामा म्हणाले, "नाव हाय म्हंजी हरवायची भीती न्हाई. द्या हिकडं." आणि शिडी जीपच्या टपावर बांधून घेऊन गेले. त्यांच्या घरात शिरलं की आधी आपण कुणाच्या घरात आहोत तेच कळत नसे. कोपऱ्यात कुणाची तरी पहार, कुणाची चाळण, शिटी नसलेला कुणाचा कुकर, खुंटीवर कुणाच्या तरी आजोबांचा फोटोसुद्धा. 'भिंतीला हितं कसा दिसतो ते बघाया आनलाय,' हे त्याचं कारण. मामी बिचाऱ्या म्हणायच्या, "लगीन हून आले तवापासनं ह्या घरात माझं म्हनावं असं भांडं शोधतीय." पण हे त्या हसत म्हणायच्या. कुणी आपली वस्तू मागायला ओरडत ओरडत आलं की मामी आधी सतरंजी टाकत आणि सांगत, "बसून वरडा. चहा ठिवते."

आणि लोक ओरडायला येत, रोज येत. त्यांच्या आळीत एक म्हातारी होती. तिचा मुलगा कंपनीत लागला आणि बायकोपोरं घेऊन कारेगावला खोलीवर राहायला गेला. तेव्हापासून म्हातारी कुणाशी बोलेना, दार लावून आत बसे. मामा एके सकाळी तिच्या दारात गेले आणि म्हणाले, "आजी, आमच्या कोंबड्याला आरवायचं वळण न्हाई. तुमचा चार दिस द्या, बघून शिकंल." म्हातारीला नाही म्हणायचं सुचण्याआधी कोंबडा मामांच्या काखेत होता. दोन कोंबडे एका अंगणात आल्यावर जे व्हायचं ते झालं. पिसं उडाली, पोरं गोळा झाली, कुणीतरी म्हातारीला निरोप दिला आणि म्हातारी पदर खोचून धावत आली. दुपारपर्यंत ती मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मामींचा चहा पिऊन झाला की पुन्हा सुरू करायची. कोंबडा तिनं परत नेला, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. काही बोलायचं राहून गेलं होतं म्हणे.

कपडे शिवणारे रशीदचाचा यांची गोष्ट तर सगळ्या गावाला पाठ आहे. त्यांची बीवी गेली आणि त्यांनी दुकानाची फळी लावली ती उघडलीच नाही. लोक समजूत घालून थकले. मामांनी समजूत घातली नाही, त्यांची मोठी कात्री मागितली. शिंपी एक वेळ घर देईल, पण कापडाची कात्री देणार नाही, हे मामांना ठाऊक होतं. चाचा भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्यांनी नुसता हात हलवला. तो हात 'जा बाबा इथून' असा हलला होता. मामांनी त्याचा अर्थ 'न्या' असा लावला आणि खिळ्यावरची कात्री काढून नेली. पुढच्या आठवड्यात कुणीतरी चाचांना सांगितलं, की मामा त्या कात्रीनं गोणपाट कापतात. त्यासरशी चाचा उठले ते अनवाणीच, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं उघडी, आणि भर बाजारातून बोंबलत निघाले, "माझी कात्री! अरं, त्या कात्रीनं नवरदेवाचं कोट कापल्यात मी!" कात्रीची धार पार गेली होती. ती लावून आणायला चाचांना आठवडे बाजारात जावं लागलं, लावलेली धार बरी आहे का हे बघायला कापड लागलं, आणि कापलेलं कापड कुणाचं तरी शिवून द्यावंच लागलं. अशा रीतीनं दुकान उघडलं. चाचा आजही मामांचं नाव निघालं की थुंकल्यासारखं करतात, आणि रोज संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर येऊन बसतात.

माझ्या हे काही लक्षात आलं नव्हतं. आमच्या दौंडच्या गल्लीत मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई राहतात. त्या शिरूर भागात शिबिरं घ्यायला जातात. एकदा त्यांनी मला फाटकाशी थांबवलं आणि हसत विचारलं, "काका, तुमचे मामा ज्या ज्या घरातून वस्तू नेतात, ती घरं एकदा आठवून बघा बरं. माझ्याकडे येणारी माणसं सांगतात, तो म्हातारा आमची अमुक वस्तू घेऊन गेला, ती आणायला म्हणून मी घराबाहेर पडलो." मी आठवत बसलो, आणि बसलेलाच राहिलो. प्रत्येक घरात कुणीतरी दार लावून घेतलेलं होतं. माझं घड्याळ कशासाठी नेलं असेल, हे मला तरीही कळेना. तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही लग्नात हसलाच नव्हता. लग्नाचा अल्बम काढून बघा."

मी मामांना गाठून सरळ विचारलं. त्यांनी आधी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांच्या वडिलांपर्यंत ते घराणं मेंढरांमागे रानोमाळ फिरत होतं, शेती नंतर आली. मामा म्हणाले, "पाव्हणं, मेंढरू चरायचं सोडून खाली मान घालून हुभं ऱ्हायलं, तर त्येला काय झालं म्हनून इचारून काय उपेग? त्येच्या म्होरचा पाला वडायचा. मग येतं मागं. डोकं माराया का हुईना, पर येतं." एवढं बोलून त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.

पुढे जिल्ह्यातल्या एका संस्थेनं जाहीर केलं, की गावाचं मन ठिकाणावर ठेवणाऱ्या माणसांचा आणि मंडळांचा सत्कार करायचा. डॉक्टरीणबाईंनी मामांचं नाव कळवून टाकलं. चौकशीला पुण्याहून दोघे जण कवठ्याला आले. त्यांनी गावात विचारलं, की हे गृहस्थ कसे आहेत? पहिला म्हणाला, "माझं घमेलं दिलं न्हाई अजून." दुसरा म्हणाला, "लबाड हाय." म्हातारी म्हणाली, "कोंबडंचोर!" रशीदचाचा इतकं बोलले, की पुण्याच्या माणसांनी पाणी मागून त्यांनाच पाजलं. ते दोघे हबकून डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी सगळं उलगडून सांगितल्यावर मात्र ते असे काही खूश झाले, की मामांमुळे बरं वाटलेल्या माणसांना मंचावर बोलावून एकेकाला बोलायला लावायचं ठरवून मोकळे झाले.

हे कळताच मामा दौंडला माझ्या घरी आले. त्या दिवशी त्यांनी घरातल्या एकाही वस्तूकडे पाहिलं नाही, तेव्हाच मी घाबरलो. "पाव्हणं, ह्ये थांबवा," ते म्हणाले. मी म्हणालो, "अहो, सन्मान आहे, शाल मिळेल." मामा कळवळून म्हणाले, "शाल घालू चुलीत! उंद्या मी कुनाच्या दारात जाऊन चाळन मागितली, तर घरातली मानसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. म्हंतील, म्हातारा आलाय, आपल्यात कुनाचं तरी डोकं फिरलंय. दार लावून घेतील वो. आन् ज्येला खरंच गरज हाय, त्यो पयला लावंल." त्यांचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची फार माया वाटली. मी बाईंशी बोललो. मंचावर लोकांना बोलावणं त्यांनी लगेच रद्द करवलं, पण पत्रिका छापून झाल्या होत्या आणि मामा कशासाठी निवडले गेले, हे निम्म्या तालुक्यात पसरलंच होतं.

सत्कार शिरूरला झाला. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांचं मंडळ होतं. त्यांच्यातली एखादी बाजाराला आली नाही, तर बाकीच्या जीप करून तिच्या घरी जाऊन थडकतात. कारेगावची परप्रांतीय कामगार मुलं होती. सुट्टीच्या दिवशी ती खोलीखोलीची दारं वाजवून "चल भाई, रोटी बना" म्हणत सगळ्यांना बाहेर काढतात. टाळ्या फार मनापासून पडत होत्या. मामा मात्र खुर्चीच्या काठावर बसून प्रमुख पाहुण्यांकडे टक लावून बघत होते. हे पाहुणे पुण्याचे कुणी निवृत्त साहेब होते. चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती, पुढ्यातला चहा तसाच निवला होता, आणि आपलं भाषण त्यांनी दुसऱ्याला वाचायला देऊन टाकलं होतं.

मामांचं नाव पुकारलं गेलं. शाल, श्रीफळ, मानपत्र झालं. सूत्रसंचालक म्हणाले, दोन शब्द बोला. मामा माईकपाशी गेले, मानपत्र उघडलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि वळून साहेबांना म्हणाले, "सायेब, जरा चष्मा द्या, कशापायी दिलंय त्ये तरी वाचतो." साहेबांनी गोंधळून चष्मा काढून दिला. मामांनी तो लावला, मानपत्रावर इकडून तिकडे नजर फिरवली, "ब्येस हाय" म्हणाले, चष्मा शांतपणे बंडीच्या खिशात घातला, आणि मंचावरून खाली उतरून थेट दाराबाहेर गेले. सूत्रसंचालक मागून "आबा, चष्मा! आबा!" ओरडतोय, आणि मामा शिरूरच्या स्टँडकडे चाललेले.

सभागृहात जो हशा पिकला तो कितीतरी वेळ थांबेना. कवठ्याची माणसं तर बाकांवर हात आपटत होती. "बघा! म्या म्हनलं न्हवतं? बाईला फशिवलं म्हाताऱ्यानं!" परतीच्या जीपमध्ये रशीदचाचा सर्वांत मोठ्यानं ओरडत होते, "कसला पुरस्कार घेऊन बसलात? मुलखाचा उचल्या हाय त्यो!" असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका आनंदी होता, की मला जरा शंका आली. पण मामांची अब्रू, म्हणजे बेअब्रू, शाबूत राहिली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुन्हा चाळणी मागायला सुरुवात केली आणि एकाही दारानं संशय घेतला नाही.

साहेब दोन दिवसांनी चष्मा न्यायला गाडी घेऊन कवठ्याला आले. आले ते रागानं लालबुंद होऊन. मामींनी सतरंजी टाकली आणि "बसून वरडा" म्हटलं. बायको गेल्यापासून साहेब कुणावर ओरडलेच नव्हते म्हणे. संध्याकाळी ते गवारीच्या शेंगा घेऊन परत गेले, आणि पुण्यात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की चष्मा कवठ्यालाच राहिला. अजून ते अधूनमधून तो न्यायला येतात.

मागच्या हिवाळ्यात मामी गेल्या. दिवसपाणी झालं, माणसं आपापल्या घरी गेली, आणि मामा ओटा सोडून आत जाऊन बसले. कुणाच्या दारात गेले नाहीत, काही मागितलं नाही. मी माझी नवी टॉर्च मुद्दाम त्यांच्यासमोर ठेवून म्हणालो, "मामा, न्या की ही." ते म्हणाले, "नगं. काय करायची?" दौंडला परत येताना वाटभर मला दुसरं काही सुचलं नाही.

आठवड्यानं पुन्हा गेलो, तर मामा दारात काठी घेऊन उभे होते, संतापलेले. घर रिकामं होतं. अगदी रिकामं. कुणी विळी नेली होती, कुणी घोंगडी, कुणी पाण्याची कळशी, कुणी देव्हाऱ्यातली घंटा. एकानं केलं ते दुसऱ्याला माहीत नसताना सगळ्या गावाला एकच गोष्ट सुचली होती, आणि जो तो 'मामा, जरा उसनं द्या' म्हणून काही ना काही उचलून गेला होता. शेवटी चहाचं पातेलंही गेलं, तेव्हा मामा उठले. "लाज न्हाई गावाला! चहाला भांडं ठिवलं न्हाई! चला पाव्हणं!"

आम्ही दारोदार फिरलो. मामा प्रत्येक दारात ओरडले, आणि प्रत्येक दारात कुणीतरी सतरंजी टाकून म्हणालं, "बसून वरडा मामा." तिसऱ्या-चौथ्या घरी मामा ओरडता ओरडता थांबले आणि नुसतेच त्या सतरंजीकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "ह्यास्नी समदं म्हाईत हुतं, पाव्हणं. पयल्यापासनं." मी पुढच्या घराची कडी वाजवली.

दिवस कलेपर्यंत आमच्या हाती फक्त चहाचं पातेलं आलं. मी म्हणालो, "मामा, आपण जीप करू या. सगळं सामान एका फेरीत घरी आणून टाकू."

मामा रस्त्यात थांबले. पातेलं या हातातून त्या हातात घेतलं.

"नगं पाव्हणं," ते म्हणाले. "समदं आजच आनलं, तर उंद्या जायाचं कुठं?"