दोन बेडच्या गोळ्या एका पिशवीत

डॉक्टरनं आमच्या बुढ्याच्या, म्हनजे माह्या नवऱ्याच्या, बोटाले सुई टोचली, रगताचा थेंब मशीनवर घेतला, आकडा पाह्यला अन् मले इचारलं, "आजी, यायले शुगरची गोळी कवापासून चालू हाय?"

मी म्हनलं, "यायले शुगर नाही. यायचं हार्टचं हाय."

डॉक्टर तरुन होता. त्यानं फाइल पाह्यली, पुन्हा मशीन पाह्यलं. "हायपोग्लायसेमिया झाला," तो म्हनला. मले समजलं नाही हे त्याले माह्या तोंडावरून दिसलं असंन. मंग त्यानं फोडून सांगलं. रगतातली साखर पार खाली गेली, डोक्याले साखर पोचत नाही, म्हनून हा मानूस बरळून राह्यला. ज्याले शुगरच नाही त्याले असं सहसा होत नाही.

"सकाळी कोनती गोळी देल्ली?"

"रोजचीच," मी म्हनलं.

त्यानं सिस्टरले ग्लुकोज आनायले सांगलं. तवापासून माह्या जीवाले थारा नव्हता. आता मी बोलून राह्यली अन् माही नात लिहून राह्यली. तुमच्या घरचं कोनी उद्या दवाखान्यात राहीन, म्हनून सांगतो.

आमी सुलतानपूरचे. भाजीपाला करतो, मेथी, सांबार म्हनजे कोथिंबीर, कोबी. बुढ्यायचे पाय सुजले अन् आडवं पडलं की दम लागे. उशा लावून बसल्या बसल्या झोपत. शहरातल्या दवाखान्यात नेलं तं तिथं हार्ट फेल्युअर सांगलं. फेल म्हनल्यावर मी खालीच बसली. तं ते हार्ट बंद पडनं नोहे. पंपाचा जोर कमी होते, पानी पायात अन् छातीत साचते. गोळ्या घेतल्या तं मानूस हिंडते फिरते. हे मुद्दाम सांगतो, काऊन की नाव ऐकूनच अर्धा जीव जाते.

बाजूच्या बेडवर गयाबाई होती. तिले शुगर, अन् पायाची जखम भरत नव्हती. तिच्यापाशी तिची सून शोभा. शोभा तोंडानं तिखट अन् पायानं चपळ. औषधाची खिडकी खाली अन् आमी वरच्या माळ्यावर. माहे गुडघे पायऱ्या पाहूनच दुखत. शोभा म्हनली, "मावशी, तुमी उतरसान तवरोक खिडकी बंद होईन. द्या इकडं चिठ्ठी."

मंग दोन्ही बेडच्या गोळ्या शोभाच आने. मी तिच्या सासूले जेवू घालत होती, येनी घालून देत होती. वार्डात असंच चालते. ज्याचे पाय धड तो खाली जाते, ज्याचे हात रिकामे तो वर बसते. सिस्टर सुई-सलाइन पाहे, गोळ्या ज्यानं त्यानं आपल्या मानसाले द्याच्या.

त्या सकाळी शोभानं एका पिशवीत पट्ट्यायचे दोन तुकडे आनले. खिडकीवाला लागतील तितक्या गोळ्या कैचीनं कापून दे. नाव पट्टीच्या दुसऱ्या टोकाले राहून जाये. दोन्ही तुकडे चांदीसारखे चमकनारे, मांगून निळी रेघ, गोळी गुलाबी अन् बारीक. आमची अगोदर पांढरी होती. मी इचारलं.

"खिडकीवाला म्हनला कंपनी बदलली, औषध तेच हाय," शोभा म्हनली. एक तुकडा माह्या हातात ठेवला, एक सोताजवळ ठेवला. मी बुढ्यायले पान्यासोबत गोळी देल्ली. तिनं सासूले देल्ली.

दुपारचं जेवन येन्याच्या अगोदर बुढ्यायले घाम फुटला. बनियन ओलं झालं, हात कापायले लागले. मले वाटलं हार्टनं पुन्हा उचल खाल्ली. ते माह्याकडं पाहून म्हनले, "मेथीच्या जुड्या सैल बांधू नको. चिखलीच्या बाजारात पोचेपर्यंत सुटतात."

"अवो, आपन दवाखान्यात हावो."

"टेम्पो आला का पाह."

मंग डोळे फिरवले. मी सिस्टरले हाक मारली अन् डॉक्टर पळत आला, ते वर सांगलंच.

शिरेतून ग्लुकोज गेलं तसं बुढ्यायनं डोळे उघडले. मले वळखलं. "काऊन उभी हायेस, बस ना," म्हनले. मी बसली नाही. डॉक्टरनं माह्या हातातला पट्टीचा तुकडा घेतला, उजेडाकडं धरला. नावाची दोनचार अक्षरंच उरेल होती. "ही हार्टची गोळी नाही," तो म्हनला. "ही शुगर कमी करायची हाय."

तवाच माह्या डोक्यात आलं. गयाबाईची गोळी यायच्या पोटात गेली, तं यायची गोळी कोनाच्या पोटात गेली?

गयाबाई बेडवरून पाय खाली सोडून राह्यली होती. "मी जरा संडासले जाऊन येतो."

मी म्हनलं, "डॉक्टरसाहेब, अगोदर हिले पाहा."

शोभाचं तोंड उतरलं. "मावशी, माह्यावर आळ घालता का?"

"तुह्यावर नाही घालत. तिचं प्रेशर पाहू दे."

सिस्टरनं गयाबाईले तसंच मांगं टेकवलं, दंडाले पट्टा बांधला. प्रेशर लयच खाली होतं. डॉक्टर म्हनला, "उभ्या राह्यल्या असत्या तं पडल्या असत्या." हार्टची गोळी प्रेशरबी उतरवते, हे त्यानं तवा सांगलं.

गयाबाई म्हनली, "बरं झालं सांगलं. मी सकाळपासून समजून राह्यली, बेडच हालते."

मले वाटलं आता टळलं. पन डॉक्टर म्हनला, "आजी, ह्या शुगरच्या गोळीचा असर लवकर उतरत नाही. शुगर वर आली तरी पुन्हा खाली जाते. घडीघडी तपासू." तसंच झालं. वर आली, खाली गेली. ग्लुकोज लय देलं तं पानी वाढून हार्टले तरास, कमी देलं तं पुन्हा बेशुद्ध. दोन्हीकडून भेव. मी दारापर्यंत जावो अन् वापस येवो. चहा हातात घेतला तो थंड झाला. बुढ्यायले डुलकी लागली की मी गाल हलवून नाव इचारू. ते चिडले. "किती खेप सांगू तुह्या नवऱ्याचं नाव?" चिडले की मले बरं वाटे.

शोभा आमच्याकडं पाठ करून बसेल होती. कोनी काही म्हनत नव्हतं, तेच तिले लागून राह्यलं होतं. गयाबाई पडल्या पडल्या म्हनली, "अवो सूनबाई, मले मारायचंच होतं तं घरी मारलं असतं. इतका रिक्षाचा खर्च काऊन केला?"

शोभा हासली अन् हासता हासता रडली. मंग उठली अन् बुढ्यायच्या पायापाशी येऊन बसली. आमी दोघी त्यायच्याच तोंडाकडं पाहून राह्यलो.

खिडकीवाला सोता वर आला. नवा माल आला, दोन्ही डबे एकाच कंपनीचे, एकाच खान्यात शेजारी लागले, म्हनला. त्यानंच इकडची तिकडं टाकली, का शोभानं देताना उलटं केलं, हे कोनाले सांगता आलं नाही. मी शोधायले गेली नाही. डॉक्टर त्याले म्हनला, "लुक-अलाइक हायेत." म्हनजे दिसायले सारख्या औषधी. अशा शेजारी ठेवाच्याच नाहीत अन् नाव कापून द्याचं नाही, हा नेम हाय म्हने.

मले आमचे वाफे आठवले. पत्ताकोबी अन् फुलकोबीचं रोप लहानपनी एकसारखंच. म्हनून आमी मधात मेथीचा वाफा टाकतो. हात जरी चुकला तरी मेथी हाताले लागते.

दिवस मावळताना शुगर जाग्यावर आली अन् मंग तिथंच राह्यली. बुढे म्हनले, "घरी तू चहात साखर कमी टाकतेस. आता डॉक्टरच म्हनते मले साखर कमी हाय. दे गोड चहा." डॉक्टरनं हाव म्हनलं. मी तो चहा त्यायले पाजला अन् मंग पहिल्यांदा टेकली.

तुमी एवढं करजा. खिडकीवर गोळी घेताना कोनासाठी अन् कायची, हे तोंडानं इचारजा. नाव असलेला तुकडा मांगजा, नाही देल्ला तं हालू नका. गोळीचा रंग बदलला तं कंपनीचं नाव सांगून कोनी समजावलं तरी द्याच्या अगोदर सिस्टरले दाखवजा. सिस्टर कावली तं कावू द्या. अन् मानसाले घाम, कापरं, बरळनं सुरू झालं तं हार्टचंच असंन म्हनून बसून राहू नका. त्या सिस्टरनं अन् डॉक्टरनं त्या दिवशी जेवन केलं नाही. त्यायचं मी कधी इसरनार नाही.

घरी सोडल्यावर मंग तपासनीले गेलो तवा शोभा भेटली. गयाबाईची जखम भरत आली होती. शोभानं मले पाह्यलं अन् सवयीनं हात पुढं केला. "द्या मावशी चिठ्ठी." अन् तसाच मांगं घेतला.

"मीबी येतो खाली," मी म्हनलं.

कठड्याले धरून मी एक एक पायरी उतरली. शोभा पुढं गेली नाही, संगंच उतरली. खिडकीवर तोच मानूस. त्यानं बुढ्यायचं नाव इचारलं, कायची गोळी ते इचारलं, पट्टी उलटी करून नाव दाखवलं. मले वाचता येत नाही, तरी मी पुरं पाह्यलं. मी बाजूले झाली तवा शोभा पुढं सरकली. दोघीच्या दोन पिशव्या.

वर चढताना माहा गुडघा आटकला. शोभा म्हनली, "पिशवी तरी द्या मावशी."

पिशवी नाही देल्ली. हात देल्ला.