शिव्या ऐकणाऱ्या बाई

रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये माझ्यासमोर सोबत्याचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात सापडला आणि मनगटापासून गेला. त्यानंतर शेडमध्ये पाय ठेवला की मला दरदरून घाम फुटायचा. पहिल्या समुपदेशकाने डोळे मिटून समुद्रकिनारा आठवायला सांगितलं. मी रायपूरचा माणूस, समुद्र कुठून आठवणार? डोळे मिटले की तो हातच दिसायचा.

मग कोणीतरी शहरातल्याच तेलीबांधा भागातल्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. साठीच्या बाई, चप्पल काढून खुर्चीवर मांडी घालून बसलेल्या. माझ्या आधीची मुलगी डोळे सुजवून बाहेर आली, म्हणून मीही आत जाताच रुमाल काढला.

"रुमाल काहून काढला?" बाई म्हणाल्या. "रडणं त्या पोट्टीसाठी होतं. तुमचं औषध येगळं. शिव्या येतात का?"

"येतात, मॅडम."

"मग द्या त्या मशीनले."

आधी लाजलो. मग सुटलोच. बाई मन लावून ऐकत होत्या. एका शिवीला तर "हव, ही नवीन आहे" म्हणाल्या. मशीन झाली, ठेकेदार झाला, आणि तोंडातून निघालं, "अन् मी हरामखोर, मशीन बंद करायचं बटन दाबायले उशीर केला!"

बाईंनी पाय खाली सोडले. "बटन किती दूर होतं?"

"वीस पावलं."

"चालत गेले होते?"

"नाही. धावलो."

"मग?"

तेव्हा मात्र रुमाल लागला.

रविवारी, अपघातानंतर पहिल्यांदाच, सोबत्याच्या घरी गेलो. "इतके दिवस कुठं मेला होता बे?" म्हणत त्याने डाव्या हाताने मला आत ओढलं.