दुपारी मिळणारं वाद्य

चष्म्याच्या दुकानात पुढच्या बाजूला मी डोळे तपासते आणि मागच्या खोलीत जपूनकाका काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, पण ते कुणी वापरत नाही. पायरी आहे, जपून. चहा गरम आहे, जपून. मालकांच्या लग्नाच्या वाढदिवसाला शुभेच्छा देतानाही ते सवयीने "जपून" म्हणून गेले आणि तेव्हापासून हे नाव चिकटलं.

माणूस पंचावन्नचा, बिनलग्नाचा आणि पक्का भित्रा. पाल दिसली की खोली पालीच्या नावावर करून बाहेर येणारा. अशा माणसाला अंगावर काटा आणणारं संगीत रचायचा नाद लागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला आधी खुर्चीत बसवून डोळे तपासले असते.

झालं असं की त्यांच्या भाचीने आपला जुना कॉम्प्युटर त्यांना दिला आणि त्यात एक अख्खा वाद्यवृंद भरून दिला. म्हणजे कुठल्याशा वादकांनी आपापल्या वाद्याचा एकेक सूर वाजवून ठेवलेला असतो. आपण कॉम्प्युटरला जोडलेल्या, पेटीसारख्या कीबोर्डची पट्टी दाबली की तो सूर उमटतो. चाळीस व्हायोलिनं, ढोल, पितळी भोंगे, गाणाऱ्यांचा जथा, सगळे काकांच्या जेवणाच्या टेबलावर. "एवढी माणसं घरात आली, पण एकानेही चहा मागितला नाही," असं ते मला कौतुकाने सांगायचे.

खरं तर त्यांना लग्नात वाजवता येईल असं काहीतरी छान करायचं होतं. पण हात आपोआप खर्जाकडे जायचा, आणि नवरी आत येण्याआधीच कुणीतरी दगावल्यासारखं वाटायचं. शेवटी त्यांनी तो हट्ट सोडला आणि विहिरी, तळघरं, बंद खोल्या यांच्यामागे लागले. अडचण एकच होती. स्वतःचंच संगीत ऐकून त्यांची गाळण उडायची. म्हणून ते फक्त दोन ते चार या वेळात, दुकान बंद असताना, घरच्या खिडक्या सताड उघड्या टाकून रचायला बसायचे आणि सोबतीला अक्काला खोलीत ठेवायचे.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे मीठ मागतानाही हुकूम सोडल्यासारखं मागायची. अकरा वर्षं आपला डोळ्याला डोळा लागलेला नाही, असं ती येईल त्याला सांगायची. पहिल्या दुपारी व्हायोलिनं कण्हायला लागली, काका खुर्चीचा हात घट्ट धरून बसले, धीर यावा म्हणून मागे वळून पाहिलं, तर अक्का गाढ झोपलेली.

"माझ्या विहिरीतून प्रेत वर येतं," काका मला म्हणाले, "आणि अक्का कूस बदलते. रचणाऱ्याने करायचं काय?"

पुढे तर अक्का सूचना द्यायला लागली. "तो ढोल काढ. नेमकी गुंगी येते तेव्हा धडाम करतो."

"अगं, तो दचकवण्यासाठीच आहे."

"मग बाकीच्यांना दचकव. मी तुझी बहीण आहे."

आठवड्याभरात शेजारची नर्सबाईही उशी काखोटीला मारून यायला लागली. रात्रपाळ्या करून करून तिची झोप मोडली होती. आता काका भूत उभं करायचे आणि मागे दोन बायका गालाखाली हात घेऊन पडलेल्या असायच्या.

अशात एक भानगड झाली. दुकानात काम करताना काकांना काही सुचलं की ते काचेच्या रिकाम्या पाकिटावर टिपून ठेवत. त्यातलं एक पाकीट चुकून गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या डबीत गेलं. दोन दिवसांनी ते गृहस्थ दुकानात आले. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. त्यांनी पाकीट माझ्यापुढे ठेवलं. त्यावर काकांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: "तो जिन्याने खाली येतोय. त्याला काही कळू द्यायचं नाही. चौथ्या मिनिटाला गाठायचा."

"मी चौथ्या मजल्यावर राहतो," ते हळूच म्हणाले. "दोन दिवस लिफ्टने ये-जा करतोय. लिफ्ट बंद असली की घरीच."

मी काकांना बोलावलं. काकांनी पाकीट पाहिलं आणि गिऱ्हाइकापेक्षा तेच जास्त घाबरले. "अहो, तो म्हणजे सूर," ते म्हणाले. "वरून खाली येणारा. चौथ्या मिनिटाला त्याला भोंगे गाठतात. तुमच्या केसालाही धक्का नाही लागायचा."

गृहस्थ खाली बसले, पाणी प्यायले आणि मग हसत सुटले. ते हौशी नाटकमंडळी चालवायचे, नाटकंही स्वतःच बसवायचे आणि त्यांचं भुताचं नाटक महिन्यावर आलं होतं. "दोन ओळींत माझी ही दशा केलीत," ते म्हणाले, "मग संगीतात काय कराल? मला ऐकवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते काकांच्या घरी गेले, आणि काकांना धीर यावा म्हणून मीही गेले. अक्का आत चहा टाकत होती. दिग्दर्शकांनी विहीर ऐकली, तळघर ऐकलं आणि "बरं आहे" म्हणाले. ते "बरं" कसं होतं, ते आम्हा दोघांनाही कळलं. तेवढ्यात पुढचा तुकडा लागला. काकांनी दाराची करकर टिपायला माइक लावला होता आणि तो तसाच चालू राहिला होता. करकर झाली, आणि तिच्यामागून एक आवाज आला. खोल, ओला, थांबत थांबत वर चढणारा, मध्येच तुटणारा आणि मग शीळ घालत खाली उतरणारा.

दिग्दर्शक ताठ बसले. "हे काय आहे?"

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. अक्काने उभ्या जन्मात आपण घोरतो हे कबूल केलेलं नव्हतं. एकदा प्रवासात कुणी तसं म्हणालं, तर तिने पुढच्या स्टेशनपर्यंत त्याला उभं केलं होतं.

"एक वाद्य आहे," काका पुटपुटले. "दुर्मिळ."

"आणखी मिळेल?"

"दुपारी मिळतं."

मग चार दुपारी काकांनी ते वाद्य टिपलं आणि कीबोर्डच्या पट्ट्यांवर पसरवलं. खालच्या पट्टीवर ते डोंगर सरकल्यासारखं वाजे आणि वरच्या पट्टीवर सर्दी झालेल्या मांजराच्या पिल्लासारखं. काकांनी खालच्या पट्ट्या घेतल्या, वर पातळशी व्हायोलिनं अंथरली आणि ढोल पूर्ण काढून टाकला. ढोलाबाबत अक्काचं बरोबर होतं, हे त्यांनी मला नंतर कबूल केलं.

नाटकाला आम्ही सगळे गेलो. दुसऱ्या अंकात रंगमंचावर नुसतं एक बंद दार होतं आणि त्यामागून ते वाद्य सुरू झालं. माझ्या पुढच्या रांगेतल्या धिप्पाड माणसाने अनोळखी बाईचा हात धरला. तिने सोडवला नाही. काका स्वतः बाहेर पायरीवर कानात बोटं घालून बसले होते. नर्सबाईने मात्र तो आवाज पहिल्या श्वासाला ओळखला आणि पदर तोंडात कोंबला.

परत येताना अक्का म्हणाली, "बाकी ठीक. पण दारामागचं ते जनावर अगदीच खोटं. असा आवाज कुठे असतो का?"

नर्सबाईला राहवलं नाही. रस्त्यातच तिने सगळं सांगून टाकलं.

अक्का घरी गेली आणि तिने उशी स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली. आठ दिवस ती भावाशी बोलली नाही. ताट वाढायची आणि भिंतीकडे बघून "जेवण वाढलंय" म्हणायची. संगीताशिवाय तिला झोप नाही, अक्काशिवाय काकांना रचायचं धाडस नाही. काका दुकानात डाव्या काचा उजवीकडे बसवायला लागले. दोन गिऱ्हाइकं खांबाला धडकून परत आली, तेव्हा मी म्हटलं, "काका, काहीतरी करा."

त्या दुपारी काका अक्काच्या दारात उभे राहिले. "अक्का, ते वाद्य म्हणजे मी होतो. मीच तोंडाने आवाज काढला. लाज वाटली म्हणून तुझ्या नावावर जाऊ दिलं."

अक्काने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "लहानपणापासून तुझं नाक चोंदलेलं." आणि उशी घेऊन बाहेर आली.

पण ही बातमी अक्काने नर्सबाईला सांगितली आणि तिच्याकडून ती दिग्दर्शकांपर्यंत पोचली. नाटकाच्या कौतुक समारंभात काकांनी तो आवाज सगळ्यांसमोर काढून दाखवावा, असा त्यांनी आग्रह धरला, आणि काकांना कुणाला नाही म्हणता येत नाही. ते मागच्या खोलीत काच घासता घासता सराव करू लागले. गिऱ्हाइकांना वाटायचं, यंत्र बिघडलंय. घरी अक्कासमोर करून पाहिलं, तेव्हा ती भाजी निवडत होती.

"छे, असं नाही," ती म्हणाली. "बाहेर काय फुंकतोस? श्वास आत ओढताना करायचं. घसा सैल सोड. जीभ मागे." आणि मान मागे टाकून, डोळे मिटून तिने ते अगदी तंतोतंत करून दाखवलं. शेवटची शीळसुद्धा.

काकांनी मान खाली घातली. "जमेल हळूहळू," ते म्हणाले.

"जमेल. रोज दहा मिनिटं कर," अक्का म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.