बूटसाहेबांचं रक्त

आमच्या ह्यांना बागेतले सगळे माळी बूटसाहेब म्हणायचे. कारण हे दरवर्षी बागेच्या साहेबांकडे सगळ्यांसाठी बूट मागायचे. ओल्या मातीत, खतात अनवाणी उभं राहायचं, पायांना खाज सुटायची. साहेब हसून म्हणायचे, "माळ्याला बूट? झाडं घाबरतील." हेही हसून घरी यायचे आणि माझं डोकं फिरायचं. "अहो, जरा आवाज चढवा की," म्हणायचे मी. ह्यांचा आवाज चढायचा तो फक्त माझ्यावर.

मग ह्यांना दम लागायला लागला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, स्टिरॉइडनं दम थांबेल, पण मातीतून पायावाटे शिरणारे बारीक जंत अंगात असले तर त्याच औषधानं ते बेसुमार वाढतात, जिवावर बेततं. शौचाच्या तपासणीत जंत सापडले नव्हते. म्हणून रक्त घेतलं. जंतांशी झगडताना रक्तात काही खुणा तयार होतात, त्या बघायच्या होत्या.

"मग जंतांची गोळीच देऊन टाका की," मी म्हणाले.

"रिपोर्टशिवाय कशी देणार?"

आणि रिपोर्ट काही येईना. लॅबमध्ये गेले तर तिथली मुलगी म्हणाली, "एका माणसासाठी किट फोडत नाही, काकू. पुरेसे नमुने जमले की एकदम लावतो." म्हणजे ह्यांची नळी फ्रीजमध्ये सोबतीची वाट बघत पडली होती. इकडे ह्यांना एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं.

मी तडक बागेत गेले. "तुमचं रक्त तपासायला द्या, म्हणजे त्यांचं तपासून होईल," म्हटलं. सगळे माळी हातातलं काम टाकून मातीच्या पायांनी निघाले. फरशी बघून त्या मुलीनं नाक मुरडलं, पण किट फोडलं.

त्याच दुपारी ह्यांचा दम वाढला. डॉक्टरबाई सुट्टीवर होत्या. दुसरा डॉक्टर स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन आला. जंतांचं मी त्याला सांगितलं, पुन्हा सांगितलं.

"काकू, आधी श्वास, मग जंत," तो म्हणाला.

ह्यांना बरं वाटलंही. उठून बसले, चहा प्यायले, साखर कमी म्हणून माझ्याशी भांडले. त्या डॉक्टरचं भलं होवो म्हणाले मी. जीभ झडो माझी.

रिपोर्ट आला तेव्हा हे शुद्धीवर नव्हते. ह्यांच्या रक्तात खुणा होत्या, सगळ्या माळ्यांच्याही होत्या. गोळ्या सगळ्यांना मिळाल्या. ह्यांना उशिरा मिळाल्या.

माळी आता ठणठणीत आहेत. "वहिनी, तुमच्यामुळे वाचलो," म्हणतात. त्यांचा काही दोष नाही, पण ऐकलं की माझ्या अंगाची लाही होते.

हे गेल्यावर बागेत बूट आले. साहेबांनी मलाही बोलावलं. मापं ह्यांनीच कधीतरी देऊन ठेवली होती, स्वतःचंही. ह्यांच्या मापाचा जोड साहेबांनी माझ्यापुढे धरला. "आठवण म्हणून घरी न्या," म्हणाले.

"तुम्हीच घाला," मी म्हटलं. "झाडं घाबरली तर कळवा."

"कुठली झाडं?" साहेबांनी विचारलं. आपण असं कधी म्हणालो होतो, हे त्यांना आठवतही नव्हतं.