लाल वार्निशमधलं नाव

कराडच्या एस. टी. स्टँडवर वडील मला सोडायला आले होते. उन्हाची छत्री उघडून उभे, आणि छत्री माझ्या ट्रंकेवर धरलेली, स्वतः उन्हात. आई घरीच दारात थांबली होती, कारण स्टँडवर आली असती तर रडली असती आणि वडिलांना ते चारचौघांत चाललं नसतं. गाडी हलायला लागली तसे वडील खिडकीपाशी चार पावलं चालत आले आणि म्हणाले, "भय्या लोकांत चाललायस, जरा जपून ऱ्हा." बाकी काही नाही. पत्र पाठव नाही, जेव वेळेवर नाही. एवढंच.

भोपाळमध्ये माझे मामा सरकारी कारकून होते. त्यांनी जाहिरात कापून पाठवली आणि आय.टी.आय.मधून मोटर रिवाइंडिंग शिकलेला मी अर्ज करून बसलो. मामांचं क्वार्टर शिवाजी नगरला आहे हे कळल्यावर आईला मोठाच धीर आला होता. तिला वाटलं, नाव शिवाजी नगर म्हणजे पुण्याच्या जरा पुढं असेल. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. दीड दिवसाचा प्रवास आहे हे तिला माझ्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

पाण्याचे पंप दुरुस्त करणारं सरकारी वर्कशॉप होतं आमचं. जळालेल्या मोटरी यायच्या, आम्ही त्यातली काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची भरायची, मग ती मोटर लाल वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायची. भाजलेलं वार्निश दगडासारखं बसतं. तिथे एक प्रथा होती. नवा माणूस आला की आठवड्याभरात त्याला एक नाव मिळायचं, ते त्याच्या चहाच्या स्टीलच्या मगावर लाल वार्निशने लिहायचं आणि तो मग मोटरीबरोबर भट्टीत जायचा. भिंतीवर खुंट्यांची एक रांग होती, तिथे सगळे मग टांगलेले. नाव भाजून आलं की तुम्ही वर्कशॉपचे झालात.

आमचे फोरमन तिवारीजी मुंबईत सहा वर्षं काढून आले होते. मी साताऱ्याकडचा म्हटल्यावर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "अरे, ये तो घाटी है!" झालं. त्या रात्री मामांच्या घरी मला जेवण गेलं नाही. मुंबईत नोकरीला असलेल्या चुलतभावाकडून हा शब्द मी ऐकला होता आणि तिथे तो कसा थुंकल्यासारखा म्हणतात तेही ऐकलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिवारीजींनीच मला स्वतःच्या डब्यातली अर्धी सब्जी वाढली, आणि महिन्याभरात "घाटी" अशी हाक आली की मी ओ द्यायला लागलो. पुढे तर बायकोने, सुनंदाने, रागावून मला नावाने हाक मारली की मी दचकायचो.

माझं अक्षर बरं आहे. बरं कसलं, सुंदर आहे; आता या वयात उगीच विनय कशाला. त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून मगांवर नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं. आणि त्याच वर्षी बिसन उइके आला.

बिसन मंडलाकडचा, गोंड आदिवासी. काळाकभिन्न, बुटका, बोलणं मोजकं, आणि तार भरण्यात असा हात की आम्ही सगळे काम थांबवून बघायचो. डावखुरा होता. तिवारीजींनी त्याला गाव विचारलं, त्याने सांगितलं, गावाभोवती काय आहे विचारलं, तर तो म्हणाला, "जंगल है, साहब." सगळे हसले. तोही हसला. त्याच दुपारी मी त्याच्या मगावर लिहिलं, "जंगली". मोठ्या हौसेने लिहिलं. ज च्या शेपटीला एक वळण काढलं आणि शेवटी एक छोटं पानही काढलं. इतकं देखणं नाव मी त्याआधी कुणाचंच लिहिलं नव्हतं.

पुढची छत्तीस वर्षं आम्ही दोघं एका बाकावर काम केलं. मी घाटी, तो जंगली. आमची मुलं एकमेकांच्या घरी वाढली. माझे वडील एकदा महिनाभर भोपाळला येऊन राहिले, तेव्हा दर रविवारी बिसन त्यांना सायकलवर डबल सीट तळ्यावर फिरवून आणायचा. त्याला मराठी येत नव्हतं, वडिलांना हिंदी येत नव्हतं, आणि दोघं बोलत असायचे तासतासभर. परत जाताना वडील मला म्हणाले, "तुझा तो भय्या माणूस लाख हाय हां." तोच शब्द, ज्याच्यापासून त्यांनी मला जपायला सांगितलं होतं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

एकदा साखळी निसटून मोटर माझ्या पायावर आली. हाड बाहेर दिसत होतं. बिसनने मला पाठीवर घेतलं आणि फाटकापर्यंत पळत नेलं, जीपमध्ये माझं डोकं मांडीवर घेऊन माझ्या गालावर चापट्या मारत राहिला. "ए घाटी, आँख खुली रख. घाटी, सुन रहा है ना?" मला आयुष्यात इतक्या मायेने कुणी हाक मारली असेल तर फक्त आईने. आणि पुढे त्याच पायाच्या रजेचा कागद घेऊन मी ज्या बाबूकडे गेलो, तो मान वर न करता म्हणाला, "तुम घाटी लोगों को तो बस छुट्टी चाहिए." शब्द तोच. पण मी लंगडत बाहेर आलो तेव्हा कान तापले होते माझे.

म्हणूनच मला वाटायचं की हा विषय मला कळलाय. गेल्या वर्षी आपल्या गावच्या ग्रुपवर भांडण झालं ते तुम्हाला आठवत असेल. कुणीतरी कराडातल्या पाणीपुरीवाल्यावरून "भय्यांना हाकला" असं लिहिलं, पुण्यातल्या एका पोरीने त्यावर आक्षेप घेतला, आणि दोन दिवस सगळे एकमेकांवर तुटून पडले. तेव्हा मी वडीलकीच्या सुरात लांबलचक मेसेज टाकला होता. शब्दात काही नसतं, म्हणणाऱ्याच्या मनात असतं, मला बघा, मी चाळीस वर्षं घाटी आहे, आणि अभिमानाने आहे. तुम्ही बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले. मी खूश झालो होतो.

मग हिवाळ्यात बिसन रिटायर झाला. मी त्याच्याआधी दोन वर्षं झालो होतो, माझा मग घेऊन घरी आलो होतो, कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये तो शोकेसमध्ये आहे. बिसनच्या निरोप समारंभात मला बोलायला बोलावलं. त्याची मुलगी सरिता पुढच्या रांगेत सुनंदाशेजारी बसली होती. ती आता एका कॉलेजात शिकवते. लहानपणी माझ्या घरी पुरणपोळी खायला हक्काने यायची. मी माईक हातात घेतला आणि मोठ्या प्रेमाने सुरुवात केली, "हमारा जंगली आज जा रहा है..." सगळं वर्कशॉप हसलं, टाळ्या झाल्या. सरिता उठली आणि बाहेर निघून गेली.

मला वाटलं, फोन आला असेल.

घरी येताना रिक्षात सुनंदा म्हणाली, "त्या पोरीचा चेहरा बघितलात का तुम्ही?" मी बघितला नव्हता. मी माईककडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून एका जुन्या सोबत्याचा फोन आला की उइकेजी आपला मग इथेच विसरले. मी आणायला गेलो. चहाची वेळ उलटून सगळे गेल्यावर त्या भिंतीसमोर एकटा उभा राहिलो आणि बघितलं. सगळ्यांचे मग नाव बाहेर करून टांगलेले. बिसनचा मग नाव भिंतीकडे करून.

तो कायमच तसा असायचा. मला हे माहीत होतं, हीच तर गंमत आहे. मला वाटायचं, डावखुरा आहे, उलटा अडकवतो. आणि मला ते आवडायचं नाही, माझं एवढं चांगलं अक्षर भिंतीला तोंड करून का म्हणून, म्हणून संध्याकाळी निघताना मी रोज तो मग खुंटीवरून काढायचो आणि सुलटा लावायचो. रोज. त्याने कधी काही म्हटलं नाही. सकाळी चहा पिऊन, धुऊन, पुन्हा नाव भिंतीकडे.

मी तो मग रुमालात गुंडाळून घरी आणला. बाल्कनीत बसून थिनर ओतलं, ब्लेडने खरवडलं. दोन दुपारी गेल्या. पान निघालं, वळण निघालं, पण अक्षरांची सावली स्टीलवर राहिलीच. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. छत्तीस वर्षं ज्याला मी जिवाभावाचा म्हणत आलो, त्याने मला कधी तसं मानलंच नसेल तर? मोटर पायावर आली तेव्हाची हाक तरी खरी होती की तीही मी माझ्या सोयीने ऐकली? परक्या शहरात आपण एवढी वर्षं काढली ती एका माणसाच्या भरवशावर, आणि तो माणूस रोज एक मग उलटा करत होता.

शेवटी मी कोटरा सुल्तानाबादला त्याच्या घरी गेलो. दार सरिताने उघडलं. मी मग टेबलावर ठेवला. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, पण ती आधी बोलली.

"अंकल, फर्स्ट इयर में हॉस्टल की लड़कियाँ मेरी थाली अलग रखती थीं. जंगली बोलती थीं. मैंने रोते-रोते पापा को फ़ोन किया. पापा बोले, कोई बात नहीं बेटा, मुझे भी बोलते हैं, प्यार से बोलते हैं. तब मुझे पहली बार समझ आया कि आप लोग पापा को क्या बुलाते हो." तिने मगाकडे बघितलं. "उसके बाद मैं आपके घर नहीं आई. आपने पूछा भी नहीं."

खरंच विचारलं नव्हतं. मोठी झाली, अभ्यास असेल, असं आम्ही घरात म्हणायचो.

बिसन आतून आला, बनियनवर, चष्मा कपाळावर. त्याने मग उचलला, उजेडाकडे धरून बघितला आणि हसला. "इतना घिसा? हाथ दुखा होगा." मग तो माझ्याशेजारी बसला. मी त्याला विचारलं, म्हणजे कसंबसं विचारलं, की बाबा रे, एवढी वर्षं तुला लागत होतं का. त्याने कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर घेतला. मग म्हणाला, "तेरे मुँह से नहीं लगा. सच बोल रहा हूँ. पर तूने बोला तो तूने बोला. लिखा तो सबने पढ़ा."

मला ते तिथेच कळलं. दरवर्षी नवी अप्रेंटिस पोरं यायची, वीस वर्षांची, बिसनच्या पोराच्या वयाची. सकाळी आल्या-आल्या ती भिंत वाचायची, मी सुलटा करून ठेवलेल्या त्या मगासकट, आणि पहिल्याच दिवशी त्याला त्या नावाने हाक मारायची. त्यांनी ना त्याच्यासोबत मोटर उचलली होती ना त्याच्या डब्यातलं खाल्लं होतं. माझी माया माझ्यापाशीच राहिली, आणि शब्द तेवढा भिंतीवर टांगलेला राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वापरायला. मी घाटी होतो ते फाटकाच्या आतच. बाहेर पडलो की मी साहेब, भाईसाहब, शर्टातला एक गोरटेला माणूस. बिसन फाटकाबाहेरही तोच शब्द ऐकत चालायचा, आणि त्याची मुलगीही.

मी माफी मागितली. आधी त्याची, मग सरिताची. बिसनने हात झटकला. सरिताने झटकला नाही. "ठीक है" असंही म्हणाली नाही. ती आत गेली, चहा घेऊन आली, आणि माझा कप माझ्यासमोर ठेवून समोरच बसली. एवढ्यावर मी समाधान मानलं. तिच्याकडून याहून जास्त मागायचा हक्क मला नाही.

निघताना मी पहिल्यांदाच म्हटलं, "चलता हूँ, बिसन." जिभेला ते इतकं नवं होतं की मी अडखळलो. तो दारापर्यंत आला, माझ्या दुखऱ्या पायाकडे आणि मग जिन्याकडे बघितलं, आणि सवयीने म्हणाला, "घाटी, सँभल के उतरना."

"पापा," सरिता मागून म्हणाली, "अब आप भी मत बोलिए."

बिसन एकदम ओशाळला. मी जिन्यातच वळलो. "नहीं बेटा," मी म्हटलं, "मेरा रहने दे. मुझे चाहिए."

गावच्या ग्रुपवरचा माझा तो मेसेज मी परत घेतो, हे सांगायला खरं तर हे सगळं लिहायला बसलो. म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे ते मोलाचं असतंच, पण ज्याला म्हणतो त्याला विचारायला हवं, आणि तो नाही म्हणायला मोकळा आहे का, हेही बघायला हवं. मी छत्तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. बिसनचं हसणं मी होकार म्हणून धरलं.

तुमच्यातले जे गावातच राहिले, ते मला नेहमी विचारतात की रिटायर झालात, आता गावी परत या की. गावी आलो की मला सगळे "भोपाळवाले आले" म्हणतात. प्रेमाने म्हणता, माहीत आहे मला. पण घाटी म्हणून हाक मारणारा माणूस आता एकच उरलाय, तो कोटऱ्याला राहतो, आणि लेक घरात नाही असं बघून मला फोन करतो. त्या हाकेला ओ देता येते तोवर मी इथेच आहे.