कोरलेलं वसतिगृह

आमच्या धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात कोणत्याही इमारतीचं उद्घाटन झालं की इतिहासाचे इंगळे सर आधी आत जाऊन नळ सोडून बघायचे. पाणी आलं तरच टाळ्या वाजवायचे. त्यांच्या बऱ्याच टाळ्या शिल्लक राहिल्या.

रौप्यमहोत्सव आला तेव्हा उपकेंद्राच्या वाटचालीचे टप्पे काळ्या ग्रॅनाइटवर कोरून दर्शनी भिंतीवर लावायचं ठरलं. मजकूर साहजिकच सरांकडे गेला. मी मराठीचा, म्हणून शुद्धलेखन माझ्याकडे. भूमिपूजन, पहिली तुकडी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, सगळं रीतसर लिहून झालं. शेवटी सरांनी शांतपणे लिहिलं, 'मुलींचे वसतिगृह सुरू'. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर हाय ना? मग झालं."

वसतिगृह बांधून तयार होतं. खाटासुद्धा आल्या होत्या. उद्घाटनासाठी मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती, एवढ्याच कारणासाठी दाराला कुलूप होतं. त्याच सुमारास रसायनशास्त्राच्या सुनीताची प्रात्यक्षिकापायी तिच्या गावाची, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीची, शेवटची एसटी चुकली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिचं नाव काढायलाच आले.

"पोरगी हुशार हाय, सर. पर अंधारात स्टँडवर बसवून न्हाय शिकवायची मला."

"महोत्सव होईस्तोवर थांबा," सर म्हणाले. "आमचा इतिहास जरा मागं राहिलाय. त्याला गाठून आणतो."

महोत्सवाच्या आदल्या दिवशी फलक बसला. वाचून संचालक पांढरे पडले.

"अहो इंगळे सर, हे सुरू कुठं झालंय?"

"न्हाय झालं. पर उद्या कुलगुरू वाचणार. दगड खोटा पाडायचा का कुलूप काढायचं, ते तुमच्या अधिकारात हाय."

कुलूप निघालं. फीत नाही, नारळ नाही. कुलगुरूंनी फलक वाचला आणि मंत्र्यांची वाट न बघता मुलींची सोय केल्याबद्दल संचालकांना शाल घातली. संचालकांनी ती नम्रपणे स्वीकारली.

सर गेल्या वर्षी वारले. मला त्यांची फार आठवण येते. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी त्यांना विचारलं होतं, विद्यापीठाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा कोणता? सर म्हणाले,

"सुनीताच्या बापानं तिची पेटी खोलीत नेऊन ठेवली, अन् वाशीच्या गाडीत एकटाच जाऊन बसला. मी स्टँडवर उभा व्हतो. लई रडत व्हता. पर गाडीतून उतरला न्हाय."